‘सर्वानुमते’: आठवडी बाजाराच्या एका ठरावाचं प्रकरण

“सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात येतो.” ही ओळ मी नोकरीत किती ठरावांखाली टाकली, त्याचा हिशेब नाही. टाइप अशी ती फारदा केलीच नाही. जुन्या फाइलमधून उचलायची आणि नव्या ठरावाला चिकटवायची. पुढे सांगतो त्या प्रकरणात हीच ओळ चार महिने सगळ्यांच्या मानगुटीवर बसली होती. ती चिकटवणारा सभा लिपिक मीच होतो.

गाव कापसाच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. विदर्भातल्या अनेक तालुक्यांच्या गावांना २०१४-१५च्या सुमारास नगरपंचायत मिळाली, त्यातलंच हे एक. पाटी बदलली, माणसं तीच राहिली. ग्रामपंचायतीचे कर्मचारी नगरपंचायतीत आले आणि येताना आपापल्या सवयी घेऊन आले. ‘सर्वानुमते’ ही त्यातलीच एक. ग्रामसभेच्या रजिस्टरात दुसरा शब्द मी क्वचितच पाहिला होता. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाची गोष्ट निराळी. तिथे एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात, म्हणून त्यांच्याकडे या शब्दाला वजन आहे. आमच्याकडे तो छापील अर्जावरच्या ‘महोदय’सारखा झाला होता.

सभागृहात १७ निवडून आलेले, त्यातलीच एक अध्यक्ष, कारण त्या वेळी अध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जात होता. शिवाय दोन स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य. स्वीकृतांना बोलता येतं, मत देता येत नाही, ही राज्यघटनेतलीच तरतूद आहे (अनुच्छेद २४३-आर), तरी मतदानाच्या वेळी त्यातल्या एकांचा हात हमखास वर जायचा. सत्तेत नऊ, विरोधात आठ. अध्यक्षपद महिलेसाठी राखीव होतं. अध्यक्षताई शांत, हिशेबाला पक्क्या. त्यांचे यजमान मात्र सभेच्या दिवशी अध्यक्षांच्या कक्षात बसून असत आणि कक्षाचं दार सभागृहात उघडत असे. एवढं सांगितलं की पुरे.

१२ जानेवारीची सभा

सर्वसाधारण सभेची नोटीस ३ जानेवारीला सहीला गेली आणि ५ तारखेला शिपायानं घरोघरी पोचवली. दोघं घरी नव्हते, म्हणून मी नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकला. सभा १२ तारखेला दुपारी बाराला.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ च्या कलम ८१ प्रमाणे सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला तीन पूर्ण दिवसांची. आमच्या कार्यालयात यांना ‘क्लिअर दिवस’ म्हणतात. हे दिवस मोजताना नोटीस हाती पडली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा: ६, ७, ८, ९, १०, ११. सहाच भरले. मी ५ ते ११ असे मोजले होते आणि सात झाले म्हणून मोकळा झालो होतो. ही चूक त्या दिवशी कुणाच्याही लक्षात आली नाही, कारण बहुतेक सगळे हजर होते आणि हजर माणूस नोटिशीबद्दल सहसा तक्रार करत नाही.

विषयपत्रिकेवर बारा विषय होते. पहिला नेहमीचा, मागील सभेचा कार्यवृत्तांत वाचून कायम करणे. मग नळयोजनेची दुरुस्ती, घंटागाडी, दिवाबत्ती. तेरावा मात्र विषय नसून जागा होती: “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय”. ही जागा असते रात्री फुटलेल्या पाइपलाइनसाठी, अचानक आलेल्या शासनपत्रासाठी, दुखवट्याच्या ठरावासाठी. नोटीस द्यायचीच यासाठी की सदस्यानं घरी विचार करून यावं, वॉर्डातल्या चार लोकांना विचारून यावं. ज्या विषयावर गाव पेटू शकतं तो विषय या जागेत घालणं म्हणजे पुढच्या दारानं येऊ शकणाऱ्या पाहुण्याला मागच्या दारानं आणणं. पण कागदावर त्याला तशी मनाई दिसत नाही, आणि अध्यक्षांची परवानगी तर होतीच.

पावणेचारला तेरावा विषय आला. चहा होऊन गेला होता, दोघातिघांनी रुमाल, चष्मे आवरायला घेतले होते. सत्ताधारी बाजूच्या एकांनी उभं राहून वाचलं: बुधवारचा आठवडी बाजार चौकातून हलवून बायपासजवळच्या नगरपंचायतीच्या मोकळ्या जागेत भरवण्यात यावा. कारण वाहतुकीची कोंडी. कारण खोटं नव्हतं. बुधवारी चौकात बस वळत नाही, हे गावातलं लेकरूही सांगेल. पण बायपासची जागा एसटी स्टँडपासून दीड किलोमीटरवर. खेड्यांतून टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईनं ती डोक्यावर घेऊन तिथवर जायचं कसं, हा प्रश्न त्या वाचनात कुठेच नव्हता.

विरोधातले तिघं एकदम उठले. “हा विषय अजेंड्यावर नाही!” “आधी बाजारवाल्याईले विचारा!” तिसरे काय म्हणाले ते गोंगाटात ऐकू आलं नाही. बाकीचे पाच जण अर्धे उभे, अर्धे बसलेले. सत्ताधारी बाजूनं “मंजूर, मंजूर” झालं, बाकं वाजली, अध्यक्षताईंनी मान हलवली आणि सभा संपली. मतं मोजा, असं कुणी म्हणालं नाही. आमचा विरोध नावासह नोंदवा, असंही नाही. तिघांना वाटलं आपण ओरडलो म्हणजे विरोध झाला. सभेच्या कामकाजात ओरडण्याला नोंद नसते.

माझ्यासमोर कच्ची वही होती. तिच्यात मी लिहिलं: “१३-ऐनवेळ. बाजार बायपास. वि. ३ (ओरड). मंजूर.” सूचक आणि अनुमोदक यांच्या पुढे रेघ मारून जागा कोरी ठेवली. ही आमची जुनी पद्धत. सभेत कोण सूचक, कोण अनुमोदक हे स्पष्ट नसलं की संध्याकाळी कक्षातून नावं येत. त्या संध्याकाळीही आली. सूचक ज्यांनी वाचलं तेच, आणि अनुमोदक म्हणून बाजार चौकाच्याच वॉर्डाचे सत्ताधारी नगरसेवक. त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊंच्या वॉर्डातूनच अनुमोदन आलं की ठराव भारदस्त दिसतो, हा त्यामागचा हिशेब. भाऊ मात्र सव्वातीनलाच एका तेरवीला निघून गेले होते. हजेरी रजिस्टरात त्यांची सही होती, कारण सही येताना होते. जाताना कुणी वेळ टाकत नाही.

मी नावं भरली आणि खाली नेहमीची ओळ चिकटवली.

सुधारणा म्हणजे रद्द नव्हे

११ मार्चच्या सभेत कार्यवृत्तांत वाचताना विरोधकांनी ‘सर्वानुमते’वर बोट ठेवलं. तासभर वाद. सत्ताधाऱ्यांचं म्हणणं, मागचे विषय उकरू नका, कायम करून टाका. विरोधकांचं म्हणणं, हा ठरावच खोटा आहे, फाडा.

दोघंही चुकत होते. कार्यवृत्तांत कायम करताना एकच प्रश्न असतो: त्या दिवशी जे घडलं ते बरोबर लिहिलं आहे का? घडलं ते योग्य होतं का, हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणून चुकीची नोंद दुरुस्त करायला नकार देता येत नाही, आणि नोंद दुरुस्त करण्याच्या निमित्तानं निर्णय फिरवताही येत नाही. मुख्याधिकारी साहेबांनी माझी कच्ची वही मागवली. “वि. ३” वाचून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग सभेच्या संमतीनं शब्द बदलला: “बहुमताने मंजूर; तीन सदस्यांचा विरोध.” तिघांची नावं लिहिली गेली. अनुमोदकाच्या नावाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. भाऊ त्या दिवशी गैरहजर होते.

विरोधकांनी बाहेर जाऊन पेढे वाटले. गावात बातमी पसरली की बाजाराचा ठराव पडला. मी एका नगरसेवकाला जिन्यात म्हणालो, “साहेब, ठराव जिवंत आहे, फक्त एक शब्द बदलला.” ते हसले. “आता काय राह्यलं त्यात, बापा!”

२२ मार्चला बाजार वसुलीच्या लिलावाची सूचना फलकावर लागली, कारण ठेका आर्थिक वर्षाचा असतो, १ एप्रिल ते ३१ मार्च. सूचनेत बाजाराची जागा लिहिली होती: बायपास. ठराव अमलात आणणं मुख्याधिकाऱ्यांचं काम, त्यांनी ते केलं. त्याच दुपारी ठरावाच्या प्रतीचा फोटो मोबाइलवर फिरू लागला आणि लोकांनी पहिल्यांदाच अनुमोदकाचं नाव वाचलं.

बुधवारी भाऊ बाजारात गेले तर मिरची विकणाऱ्या एका आजीनं त्यांना सगळ्यांसमोर थांबवलं. “मत मांगाले आला तवा माह्या पालात बसून चहा पेला, अन् आता तूच अनुमोदन देल्लं?” भाऊ तिथून थेट माझ्या टेबलाशी. “मी तं तेरवीले गेलो होतो, माहं नाव आलंच कसं?” मी गप्प. काय सांगणार? कक्षातून आलं, असं सांगितलं तर माझी नोकरी, आणि न सांगितलं तर त्यांची वॉर्डातली इज्जत. शेवटी एवढंच म्हणालो की लेखी द्या. त्यांनी दिलं नाही. पक्षात राहायचं होतं.

चार सह्या, पाच सह्या

विरोधकांनी विशेष सभेची मागणी केली. कलम ८१ प्रमाणे एकूण सदस्यांच्या एक-चतुर्थांशापेक्षा कमी नाहीत एवढ्यांनी लेखी मागणी केली, तर अध्यक्षांना मागणी मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. नाही बोलावली तर मागणी करणारे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. छोट्या सभागृहात अल्पमताच्या हातात असलेलं हे सगळ्यात धारदार हत्यार, पण वापरणारे फार थोडे.

२५ मार्चला अर्ज आला, सह्या चार. सतराचे चार भाग केले की सव्वाचार येतात. सव्वाचारपेक्षा कमी नको म्हणजे पाच माणसं लागतात, सव्वा माणूस सही करत नाही. चौघांनी चार धरलं, कारण चौथा हिस्सा म्हणजे चार असं तोंडी बसलेलं. त्यांच्याकडे आठ जण होते, पाचवी सही तासाभरात मिळाली असती. ३० तारखेला अर्ज परत गेला आणि १ एप्रिलला पाच सह्यांनी पुन्हा आला. पंधरा दिवस आता १ एप्रिलपासून. एका सहीपायी आठवडा गेला.

दरम्यान त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली अर्ज टाकला. ठराव कायद्याला धरून नसेल किंवा लोकांच्या हिताला बाधक असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार या कलमानं जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. अर्जात मुद्दे तीन: विषय अजेंड्यावर नव्हता, अनुमोदक हजर नव्हता, आणि नोटीस एक दिवस कमी. हा तिसरा मुद्दा त्यांच्या वकिलानं कॅलेंडर पाहून काढला. जिल्हा कार्यालयानं मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्राय मागवला, लिलाव थांबला, आणि वसुली आमचेच कर्मचारी जुन्या जागी पावत्या फाडून करू लागले.

नोटिशीच्या मुद्द्यावर सगळ्यांची भिस्त होती. मला तो तितका भक्कम वाटत नव्हता, आणि आजही वाटत नाही. म्हैसूरच्या नगरपालिका कायद्याखालच्या एका प्रकरणात, तीन पूर्ण दिवसांच्या नोटिशीची अट निर्देशक आहे, तेवढ्या उणिवेनं सभेचं कामकाज आपोआप बाद होत नाही, कुणाचं खरंच नुकसान झालं का ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६०च्या दशकातच म्हटलं आहे. आमच्याकडे सभेला तर बहुतेक सगळे आले होते. उलट पहिला मुद्दा जास्त खोल होता. बाजाराचा विषय कुणालाच आधी कळवला नव्हता, तिथे सात दिवस काय आणि सहा काय? त्या विषयापुरती नोटीस शून्य दिवसांची होती. पण अर्जात या मुद्द्याला दोन ओळी आणि कॅलेंडरला दीड पान.

१६ एप्रिल

अध्यक्षताईंनी शेवटचा दिवस गाठून सभा लावली. नोटीस ११ तारखेला, या वेळी प्रत्येकाची सही, तारीख आणि वेळ घेऊन बजावली. तीन पूर्ण दिवस हवे होते, चार भरत होते. तरी एकांनी विचारलंच, “चौदा एप्रिल मोजायचा का? सुट्टी आहे.” पूर्ण दिवस म्हणजे कामाचे दिवस नव्हेत, सुट्टी मोजली जाते. आणि तो दिवस सोडला तरी तीन उरतात. ते म्हणाले, “मंग ठीक आहे,” आणि जयंतीच्या तयारीला निघून गेले.

सभेला सतराही हजर. बाहेर ऊन फुटलेलं, आत कूलरचा आवाज. सुरुवातीलाच विरोधकांनी हरकत घेतली: कक्षाचं दार बंद करा, नाहीतर आत बसलेल्यांना प्रेक्षकांत बसायला सांगा. अध्यक्षताईंनीच उठून दार ओढून घेतलं. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा अध्यक्ष वाटल्या.

विषय एकच होता, बाजार हलवण्याचा ठराव रद्द करणे. चर्चा खरोखर झाली, दीड तास. कोंडीवर उपाय म्हणून बुधवारी बस मागच्या रस्त्यानं काढण्याची सूचना आली, आणि ती सत्ताधारी बाजूच्याच एकांनी केली. ही सूचना जानेवारीत आली असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. मग हात वर करून मतदान. मी या वेळी नावं मोठ्यानं वाचून एकेक नोंद केली. रद्द करण्याच्या बाजूनं आठ. विरोधात आठ, त्यात अध्यक्षताईंचं स्वतःचं मत. भाऊ तटस्थ. स्वीकृत सदस्यांचा हात या वेळीही वर गेला, तो मी मोजला नाही.

समसमान. आमच्या कायद्यात अध्यक्षाला सदस्य म्हणून एक मत असतंच, आणि मतं सारखी पडली तर वर एक निर्णायक मत. लोकसभेच्या अध्यक्षांचं तसं नाही. अनुच्छेद १०० प्रमाणे ते पहिल्या फेरीत मत देतच नाहीत, फक्त बरोबरी झाली तर. आमच्या अध्यक्षताई मात्र आपलं पहिलं मत देऊन बसल्या होत्या आणि आता दुसरं द्यायचं होतं.

ब्रिटिश संसदेत डेनिसन नावाच्या सभापतींपासून (१८५७ ते १८७२) चालत आलेला एक संकेत आहे: बहुमत नसताना सभापतीनं आपल्या एका मतानं बदल घडवू नये, आहे ते राहू द्यावं. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण सभाशास्त्र शिकवणारे तो सांगतात. आता गंमत पाहा. इथे “आहे ते” म्हणजे काय? कागदावर पाहिलं तर ठराव आहे, मग रद्द करण्याच्या विरोधात मत द्यायला हवं. रस्त्यावर पाहिलं तर बाजार अजून चौकातच भरतो, मग ठराव रद्द व्हायला हवा. एकच संकेत दोन्हीकडे ओढतो. माझ्या मते कागदाची बाजू जास्त शुद्ध आहे. पण मत माझं नव्हतं.

अध्यक्षताईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला आणि मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, “साहेब, नियम काय म्हणते?”

“दोन्हीकडं देऊ शकता, मॅडम.”

मग माझ्याकडे वळल्या. “या बुधवारी बाजार कुठं भरला होता?”

“चौकातच, ताई.”

“पावत्या कोण फाडल्या?”

“आपल्याच माणसानं.”

“मंग तिथंच राहू द्या. रद्दच्या बाजूनं लिहा माह्यं मत.”

पहिलं मत एकीकडे, दुसरं दुसरीकडे. सत्ताधारी बाजूनं कुजबुज सुरू झाली की असं चालतं का? चालतं. दुसरं मत पहिल्याच्याच बाजूनं द्यावं, अशी अट कुठे नाही. पुढे बरेच दिवस त्यांना आपल्याच लोकांकडून ऐकून घ्यावं लागलं. घरी काय झालं ते मला माहीत नाही.

ठराव रद्द झाल्यावर कलम ३०८ च्या अर्जात काही उरलं नाही, फाइल बंद झाली. त्यामुळे सहा दिवस की सात दिवस, आणि ऐनवेळच्या विषयात बाजार बसतो का, यांवर कुणाचाच निर्णय आला नाही. मला तो हवा होता. भाऊंच्या नावाची चौकशीही त्यातच विरून गेली आणि त्यात माझाही जीव भांड्यात पडला, हे कबूल करतो.

नंतर मुख्याधिकारी साहेबांनी ठरावाचा नमुना बदलायला सांगितला. सूचक-अनुमोदकाची नावं सभेतच मोठ्यानं वाचून दाखवायची, कोरी जागा ठेवायची नाही. हजेरी रजिस्टरात ‘सभा सोडल्याची वेळ’ असा रकाना वाढला. आणि शेवटची ओळ झाली: “सर्वानुमते / बहुमताने मंजूर करण्यात येतो. (लागू नसेल ते खोडावे)”.

जूनच्या सभेनंतर नळयोजनेच्या ठरावाची प्रत जिल्ह्याला गेली आणि आठवड्यात परत आली. वर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. दोन्ही शब्द तसेच राहिले होते, एकही खोडला नव्हता.